जखमेची कड

ड्रेसिंगच्या खोलीत एकोणतीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘नाकवाल्या सिस्टर’ म्हणायचं. पट्टी अर्धी सुटली की वासावरून त्या सांगायच्या, आत काय शिजतंय ते. नवे डॉक्टर आधी हसायचे, आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला की गुपचूप चहा पाजायचे.

एका सकाळी त्यांची भाची हातात डबा घेऊन या खोलीत आली. ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी गुडघे फोडून घेतले की आईकडे न जाता मावशीकडे पळायची. आता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती, आणि डब्यात तिची सहा वर्षांची मेहनत होती: तळहाताएवढ्या पांढऱ्या पट्ट्या.

“मावशी, ही पट्टी स्वतःच सांगते जखमेत काय आहे ते.”

“अरे वा. मग मी घरी जाऊ?”

“ऐक तर. जुन्या जखमेत जंतू सुटे राहत नाहीत. एकमेकांना धरून बसतात आणि वर चिकट थर ओढून घेतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. मग औषध आत पोचतच नाही.”

“पाण्याची बाटली आठ दिवस धुतली नाही की तळाला बुळबुळीत लागतं, तसलं. एवढं शिकवायला आलीस का मला?”

भाची हसली. “तसलंच. तो थर लागला की पट्टी जांभळी होते. त्याच वेळी तिच्यातलं औषध सुटतं. आधी थर फोडतं, मग जंतू मारतं.”

सिस्टरनी पट्टी उजेडात धरली. पोरीच्या कौतुकानं त्यांचा ऊर भरून आला, पण तोंडावर दाखवतील तर त्या सिस्टर कसल्या! “कापलीय बरी,” एवढंच म्हणाल्या.

परवानग्या झाल्या. पहिल्या खेपेला सहा पेशंट घ्यायचे ठरलं. त्यातले एक होते ड्रायव्हरकाका. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. घोट्याच्या वर जखम झाली होती, तेरा महिने भरायचं नाव घेत नव्हती. “बायकोनं केले नाहीत तेवढे लाड ह्या पायाचे झालेत,” म्हणायचे आणि पाय स्टुलावर ठेवायचे.

तीन दिवसांनी पट्ट्या उघडल्या. चार जांभळ्या, दोन पांढऱ्या. काकांची पांढरी होती. भाचीचे प्रोफेसर स्वतः आले होते. त्यांनी वहीत लिहिलं: स्वच्छ.

सिस्टर वाकल्या, जखमेजवळ क्षणभर थांबल्या आणि सरळ झाल्या. “साहेब, हे स्वच्छ नाही.”

“कशावरून?”

“वास आहे.”

प्रोफेसर सभ्य गृहस्थ होते. आवाज न चढवता म्हणाले, “बाई, वास हे काही मोजमाप नाही.”

भाची बिचारी कात्रीत सापडली. इकडे सर, तिकडे मावशी. सिस्टरना राग आला, पण तो त्यांनी गिळला. भाचीलाच विचारलं, “तुम्ही जखमेतला कण तपासायला घेतलात तो कुठून?”

“मधून. नेहमी मधूनच घेतो.”

“आता इथून घे.” सिस्टरनी चिमट्याचं टोक जखमेच्या कडेकडे नेलं. वरून कड धड दिसत होती, पण खाली पोकळ होती. चिमटा अलगद आत शिरला, नखभर खोल. काकांनी दात आवळले. “दमानं घ्या हो, ब्रेक नाहीयेत मला,” म्हणाले.

भाचीनं सरांकडे पाहिलं. त्यांनी अडवलं नाही. तिनं आधी काकांना विचारलं, मग कण घेतला.

पाचव्या दिवशी ती धापा टाकत आली. “मावशी, गच्च भरलंय! कडेखाली थरावर थर आहेत. पण मग पट्टीला का नाही कळलं?”

“ही तुम्ही तपासलीत कशावर?”

“काचेच्या बशीत.”

“जखम म्हणजे काय बशी आहे?” सिस्टरनी हाताची मूठ वळली आणि एक पट्टी तिच्यावर ठेवली. पट्टी बोटांच्या उंचवट्यांवर ताठ बसली, मधल्या खाचांत शिरलीच नाही. “अंगणात उभं राहून घरात काय चाललंय ते सांगणार कशी ती? घरात जाऊ दे तिला.” मग त्यांनी कात्री घेतली, पट्टीला कडेनं पाकळ्यांसारखे काप दिले, सलाइनमध्ये भिजवली आणि पुन्हा मुठीवर घातली. आता एकेक पाकळी खाचेत जाऊन बसली.

भाची त्या मुठीकडे बघत राहिली. मग तिनं खिशातून फोन काढून चारी बाजूंनी फोटो घेतले.

पाच महिने गेले. पट्टी मऊ झाली, तिला पाकळ्या आल्या, आणि त्या बदलाला हॉस्पिटलच्या समितीची नव्यानं मंजुरीही मिळाली. काकांचा पाय तसाच होता. ते पुन्हा स्टुलाशी हजर झाले. दुसऱ्याच दिवशी पट्टी उघडली, तर मधे पांढरीशुभ्र आणि खालच्या दोन पाकळ्या वांग्यासारख्या जांभळ्या. जिथे सिस्टरनी चिमटा घातला होता, बरोबर तिथेच.

पुढे काही जादू झाली नाही. औषधानं थर सैल केला, तो सिस्टरनी दर खेपेला साफ केला, सूज उतरावी म्हणून पायाला घट्ट पट्टा बांधला, आणि जखम कडेकडून मिटत आली. अकराव्या आठवड्यात तिथे गुलाबी कातडी होती. काका आरशासमोर पाय वाकडा करकरून बघत होते. “बायकोला दाखवतो,” म्हणाले.

त्या दिवशी प्रोफेसर आले, ते थेट सिस्टरांपुढे उभे राहिले. “बाई, मी चुकलो. पुढच्या खेपेला साठ पेशंट आहेत. फॉर्मवर एक रकाना वाढवलाय: ड्रेसिंग करणाऱ्याला काय वाटतं. पट्टीचा रंग बघायच्या आधी भरायचा. आणि माझ्या आठ डॉक्टरांना तुम्ही शिकवायचं.”

“मी? मला काय येतं शिकवायला?”

“मावशी,” भाची म्हणाली, “पट्टीच्या पेटंटच्या अर्जावर तुझं नाव घातलंय. माझ्या शेजारी. सरांनीच सांगितलं.”

सिस्टरनी हातमोजे काढले, कचरापेटीत टाकले, हात धुतले. नेहमीपेक्षा अंमळ जास्तच वेळ धुतले. मग व्हरांड्यात जाऊन धाकट्या बहिणीला फोन लावला.

“अगं, तुझी लेक...” त्यांनी नाक ओढलं.

“काय झालं? काय केलं तिनं?” बहीण घाबरलीच.

“काही नाही गं. बसून ऐक. तुझ्या लेकीनं आणि मी मिळून एक जखम बरी केली. दीड वर्ष कोणाला दाद देत नव्हती ती.”

पलीकडे बहीण रडायलाच लागली. सिस्टर तिला गप्प करत होत्या, आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं की बाई आज चक्क हसतायत.