एकेचाळीस गाड्यांचा निळा

"जरा सरका, उजेड अडवताय," थेंबताई म्हणाल्या, आणि दातांचे डॉक्टर निमूटपणे बाजूला झाले. एरवी हेच वाक्य ते स्वतः दिवसातून दहा वेळा ऐकवत असणार.

गॅरेजच्या दारात डॉक्टरांच्या वडिलांची जुनी गाडी अर्धवट सोललेल्या अवस्थेत उभी होती. वरचा रंग उन्हाने पार विटलेला, पण मागच्या दाराचं रबर काढल्यावर त्याखाली बोटभर रुंदीची पट्टी जशीच्या तशी सापडली होती. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा निळा. तीन रंगवाल्यांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने रंग केला की तो त्या पट्टीशेजारी सावत्र भावासारखा दिसायचा. शेवटी कुणीतरी सांगितलं, त्या कारखान्याच्या रंगखोलीत एक बाई होत्या, सारखं 'अजून एक थेंब, अजून एक थेंब' करायच्या, त्यांना गाठा.

थेंबताईंनी वाकून पट्टी पाहिली आणि तो निळा त्यांनी बघताक्षणी ओळखला.

"बाबा म्हणायचे, आपली गाडी जरा हिरवट आहे, इतरांसारखी नाही," डॉक्टर सांगत होते. "मी म्हणायचो, बाबा, डोळे तपासून घ्या. सगळ्यांसमोर हसायचो त्यांना. आता ते नाहीत, आणि ही पट्टी त्यांचीच बाजू घेतेय. मला हाच रंग हवा, ताई. पुस्तकातला नको."

थेंबताईंना सुटायला एक वाक्य पुरलं असतं. वयाने रंग पिवळा पडतो डॉक्टर, पुस्तकातलाच लावा. त्यांचा शब्द खोडून काढणारं आता उरलं होतं कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण बापाची माफी मागायला निघालेल्या माणसाला असं परत पाठवणं त्यांना जमेना.

"उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "नमुन्याचे पत्रे कापून ठेवा. भरपूर ठेवा."

तो रंग त्यांचाच होता. तेव्हा कारखान्यात नोकरीला लागून चार महिने झाले होते. धाकटी तापाने फणफणलेली, डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, आणि सकाळी पिंपात पिवळ्याचं माप त्यांनी दोनदा ओतलं. एकेचाळीस गाड्या रंगून उन्हात उभ्या राहिल्यावर बोंब झाली. गाड्यांना मागणी इतकी की त्या तशाच विकल्या गेल्या, पण पिंपावर सही कुणाची, हे साहेबांनी विचारलंच. सही फोरमनची होती. "माझी," ते म्हणाले, दुसरं काही नाही. त्यांना रंगखात्यातून उचलून भंगाराच्या गोदामात टाकलं, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. थेंबताई तोंडाला कुलूप लावून बसल्या. दोन लहान मुली, नवरा अंथरुणाला खिळलेला, बोलून नोकरी घालवायची कशी? वर मनाची समजूतही घातली, की त्यांनीही न बघता सही ठोकलीच ना, म्हणजे अर्धा दोष त्यांचा. त्या अर्ध्यावर त्यांनी चाळीस वर्षं काढली. आठ वर्षांपूर्वी फोरमन गेले, तेव्हा भेटायला जायचंसुद्धा त्यांचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये त्यांनी पदर खोचला आणि मापं ओतली. पिवळा दोनदा. ओला रंग खोटं बोलतो, म्हणून पत्रा पूर्ण वाळू दिला आणि मग उन्हात पट्टीशेजारी धरला. जवळपास आला होता, पण भडक. चक्क पोपट.

"जुळला की, ताई!" गॅरेजवाला म्हणाला.

"जुळला नाही, जुळल्यासारखा झालाय. लग्न झालंय ना तुझं? मग हा फरक तुला कळायला हवा."

काळा घालून पाहिला, रंग मळका झाला. पांढरा घालून पाहिला, आजारी दिसायला लागला. दुपारपर्यंत भिंतीशी अकरा पत्रे उभे राहिले. मुलीचा फोन आला, "आई, अगं वय काय तुझं! घरी ये बघू."

"मोतीबिंदू काढल्यापासून मला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. ठेव फोन."

हिरवेपणा मारायचा तर लाल, हे रंगखोलीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण त्या निळ्यात लाल नव्हताच मुळी. लाल महाग, त्याचे डबे कुलूपबंद कपाटात असायचे आणि किल्ली एकट्या फोरमनच्या कमरेला. तिथे लाल येणार कुठून? तरीही थेंबताईंनी एक थेंब टाकला. मग दुसरा. सहाव्या थेंबाचा पत्रा वाळवून दाराला लावला, तर पट्टी कुठे संपते आणि पत्रा कुठे सुरू होतो, ते डॉक्टरांना बोट फिरवूनही सांगता येईना.

थेंबताई स्टुलावर बसल्या. लाल चुकून पडत नाही. त्या सकाळी कुणीतरी पिंपात डोकावलं होतं, हिरवेपणा ओळखला होता, कपाट उघडून तो मारायचा प्रयत्न केला होता. तो पुरता मेला नाही, आणि गाड्या खोळंबलेल्या. मग त्या माणसाने सही केली. न बघता नव्हे. चूक बघून, ती कुणाची ते जाणून, सगळं समजून केली. फोरमनच्या वाट्याला टाकलेला तो अर्धा दोषही थेंबताईंचाच होता. इतक्या वर्षांत त्या माणसाने एका शब्दाने तो बोलून दाखवला नव्हता, आणि यांनी मात्र मनातल्या मनात त्याला रोज बोल लावला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काय झालं, ताई? जुळला ना?"

"जुळला," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही न वगळता.

"गाडी रंगून झाली की मला एका घरी सोडाल?" थेंबताईंनी विचारलं.

पंधरा दिवसांनी ती निळी गाडी एका बैठ्या घरासमोर थांबली. दार फोरमनच्या बायकोने उघडलं. केस पांढरे झाले होते, पण ओळख लगेच पटली.

"अगंबाई, थेंबताई! किती वर्षांनी! हे किती आठवण काढायचे तुमची. या ना आत, चहा टाकते."

"नको," थेंबताई म्हणाल्या. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. "आधी मला उभ्यानेच बोलू द्या. चहाचं मग तुम्ही ठरवा."