तब्येत ही सापेक्ष गोष्ट आहे

आपण धाडसी माणूस आहोत, असं प्राध्यापक मधुसूदन उमाळकरांना चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात अचानक वाटू लागलं. त्याआधी त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे सासऱ्यांच्या देखत पानात वांग्याची भाजी टाकली होती. पण नागपुरात धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ते 'सत्य शाश्वत की मानवनिर्मित?' या विषयावर दीड तास बोलले आणि सत्य, नीती, पाप, पुण्य ही सगळी माणसाचीच कारागिरी आहे, वर कोणी बसलेलं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मधेच दोन पेन्शनर उठून गेले. सनातन्यांना आपण हादरवलं, या आनंदात मधुसूदनराव घरी आले. ते दोघे शेवटची सिटी बस गाठायला उठले होते, हे त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी दुसऱ्या दिवशी भाजीबाजारातून ऐकून येऊन सांगितलं.

मात्र एका माणसाने ते व्याख्यान कानात प्राण आणून ऐकलं होतं. तो म्हणजे देवराव मेश्राम. हाउसिंग बोर्डाच्या गाळ्यांत उमाळकर वरच्या मजल्यावर राहत आणि देवराव खाली. देवराव पोस्टात सॉर्टर होते. त्यांची मुलगी प्रेमिला बी. ए.ला मधुसूदनरावांच्याच हाताखाली शिकली होती आणि आता टेलिफोन ऑपरेटर होती.

"सर, तुमचं बोलनं मले शंभर टक्के पटलं," देवराव सकाळी जिन्यात म्हणाले. "आमच्याविषयी लोकायनं काय काय खरं म्हनून बनवून ठेवलं होतं! आमी छप्पन साली दीक्षा घेतली अन् ते सारं टाकून देल्लं. काही बिघडलं नाई. देवाचं असतं तं टाकता आलं असतं का?"

मधुसूदनराव भारावले. दीड तासात आपल्याला जे सांगता आलं नाही ते या माणसाने चार वाक्यांत सांगितलं, ही शंकाही त्यांच्या मनाला चाटून गेली, पण त्यांनी ती फार वेळ रेंगाळू दिली नाही.

पंधरवड्याने देवराव पुन्हा वर आले, ते वेगळ्या कामाने. प्रेमिलासाठी नरखेडचं स्थळ आलं होतं. मुलगा रुपराव मोटारपंप दुरुस्त करायचा, शिवाय घरची मोसंबीची बाग. त्याचे काका बापूजी रविवारी चौकशीला येणार होते आणि शेजारी कॉलेजातले मास्तर राहतात म्हटल्यावर आधी त्यांनाच भेटणार होते.

"तिच्या त्या दुखन्याचं बोलू नका, सर," देवरावांनी आवाज खाली आणला.

प्रेमिलाला फेफऱ्याचे झटके येत. निदान येत असत. एकदा ती जिन्यातच कोसळली होती तेव्हा मधुसूदनरावांनीच तिला सावरलं होतं. मग मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन वर्षांत पुन्हा काही झालं नव्हतं.

"पण देवराव, विचारलंच तर?"

"तं नाई म्हना. तुमीच तं म्हनलं होतं, सत्य मानसानं मानसासाठी बनवलं. मंग एका पोरीसाठी थोडं वाकवलं तं काय होते?"

याला उत्तर द्यायचं म्हणजे व्याख्यान मागे घ्यायचं. मधुसूदनरावांना ते जमण्यासारखं नव्हतं; त्यांनी ते छापायला पाठवलं होतं. त्यांनी होकार दिला. प्रेमिलाला यातलं काही माहीत आहे का, हे विचारायचं त्यांना सुचलंही नाही. रविवारपर्यंत ते आरशासमोर उभे राहून "छे, अगदी ठणठणीत!" असं म्हणायची तालीम करत राहिले. चौथ्या वेळी आरशात कान लाल झालेले दिसले, तेव्हा त्यांनी आरशाकडे पाठ करून तालीम पुढे चालू ठेवली.

बापूजी आले. काटक म्हातारा, डोक्याला पांढरं मुंडासं, हातात मोसंब्यांची पिशवी. मुलीचं शिक्षण, स्वभाव, नोकरी सगळं विचारून झालं. मधुसूदनराव मोकळेपणाने बोलले. मग बापूजींनी पिशवी सरकवून ठेवली आणि विचारलं, "अन् तब्येत कशी आहे पोरीची, मास्तर?"

'ठणठणीत' हा शब्द मधुसूदनरावांच्या जिभेवर आला आणि तिथेच बसून राहिला.

"तब्येत," ते म्हणाले, "ही सापेक्ष गोष्ट आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे निरोगी कोणाला म्हणायचं, हे शेवटी समाजच ठरवतो."

बापूजींनी थोडा विचार केला. "आमच्या समाजानं अजून काही ठरवलं नाई. म्हनून तं तुमाले विचारून राहिलो."

"तसं नव्हे. पूर्ण निरोगी असा माणूसच नसतो, बापूजी. तुम्ही नाही, मी नाही."

"मास्तर," बापूजी आता जरा पुढे सरकले, "पोरीले काही आहे का नाई, येवढंच सांगा."

"'आहे' या शब्दाचे दोन अर्थ होतात," मधुसूदनराव म्हणाले, आणि आपल्याच तोंडून हे निघतंय ते त्यांना दुरून, रेडिओवर लागल्यासारखं ऐकू आलं. दोन्ही कान निखाऱ्यासारखे तापले होते.

बापूजींनी चहा अर्धवटच टाकला आणि ते उठले. ते खाली देवरावांकडे गेलेच नाहीत.

"अहो," कपबशा उचलत सुमतीबाई म्हणाल्या, "'मुलगी गुणाची आहे, बाकीचं तिलाच विचारा,' एवढं म्हणता येत नव्हतं?"

येत होतं. ते सोडून बाकी सगळं त्यांना सुचलं होतं.

आठवड्याच्या आत काटोलच्या एका नातेवाइकाकडून निरोप आला. पोरीचं डोकं फिरलेलं आहे, शेजारचा प्रोफेसरसुद्धा तिच्याविषयी धड बोलू शकला नाही, अशी नरखेडात बोलवा झाली होती. देवराव भांडले असते तर मधुसूदनरावांना बरं वाटलं असतं. देवराव फक्त जिन्यात भेटले की भिंतीकडे पाहू लागले.

प्रेमिला मात्र वर आली. दार उघडंच होतं.

"सर, बाबांनी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं होतं, हे मला काल कळलं. त्यांच्याशी माझं भांडण झालंच. पण तुम्ही खोटंही बोलला नाहीत आणि खरंही बोलला नाहीत. मग बोललात काय?"

"प्रेमिला, मला वाटलं, नियम माणसाचेच असतात, तेव्हा..."

"असतील. सत्य कायमचं आहे का कोणी बनवलं, ते मला पेपरातही नीट लिहिता आलं नव्हतं, तुम्ही बेचाळीस मार्क दिले होते. पण मी घरात पडले तर मला उचलणाऱ्याला माहीत नको, मला काय झालंय ते?" ती थांबली. "मी उद्या नरखेडला जाऊन स्वतः सांगणार आहे. लग्न होवो न होवो. पण मी वेडी आहे असं लोकांच्या मनात राहायला नको. तुम्ही पण चला."

"मी?"

"गोंधळ कोणाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी एस.टी.त बाप-लेक एका बाकावर आणि मधुसूदनराव मागच्या चाकावरच्या जागेवर बसले. रस्ताभर ते मनात एक निवेदन जुळवत होते. त्यात तीन पोटभाग होते. काटोलच्या पुढच्या खड्ड्यांत त्यातले दोन पडले.

रुपरावच्या अंगणात एक उघडलेली मोटर पडली होती आणि तो ग्रीसने माखलेले हात पुसत उभा राहिला. बापूजी खाटेवर होते. प्रेमिलाने बसायच्या आधीच सांगितलं. झटके कधी सुरू झाले, किती यायचे, कोणती गोळी चालू आहे. "तीन वर्षांत आला नाही. पुढे कधीच येणार नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही."

देवरावांची मान खाली होती. बापूजी मधुसूदनरावांकडे वळले. "खरं आहे का हे, मास्तर?"

"हो."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं?"

"त्याचं असं आहे, बापूजी, की नैतिक..." मधुसूदनरावांनी सुरुवात केली. प्रेमिलाने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. उरलेला तिसरा पोटभागही तिथेच गळाला. "भ्यालो," ते म्हणाले. "खोटं बोलायला भ्यालो, आणि खरं बोलायलाही."

कोणी हसलं नाही. आपल्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं व्याख्यान, असं त्यांच्या मनात आलं. शरमेने त्यांना जमिनीत जावंसं वाटत होतं. शरम ही माणसानेच बनवलेली चीज आहे हे त्यांचं मत तेव्हाही कायम होतं. फक्त ज्याने कोणी ती बनवली त्याने फारच पक्की बनवली, एवढी भर त्यात पडली.

"झटका आला तं काय करा लागते?" रुपरावने विचारलं. तो पहिल्यांदाच बोलला.

"कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. नाकाला कांदा लावायचा नाही, चप्पल तर नाहीच. आणि थांबायचं."

"बस, येवढंच?"

"थांबणंच लोकांना जमत नाही."

बापूजींनी त्या दिवशी हो म्हटलं नाही. खरं म्हणजे नाहीच म्हटलं, आमच्या घरात हे झेपणार नाही म्हणाले. परतीच्या गाडीत देवराव मधुसूदनरावांच्या शेजारी येऊन बसले, पण बुटीबोरीची बदली, पोस्टातली गर्दी असलं काहीबाही बोलत राहिले. आपण पोरीचं भलं केलं का वाटोळं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

संक्रांत गेली, होळी गेली. मग एका दुपारी रुपराव टेलिफोन ऑफिसच्या फाटकाशी उभा असलेला प्रेमिलाला दिसला. तो परस्पर मेडिकलच्या डॉक्टरांना भेटून आला होता. काकाला कसं वळवायचं ते माझ्यावर सोड, म्हणाला. वळवायला त्याला आणखी दोन महिने लागले, त्यात एकदा घर सोडायची धमकीही द्यावी लागली.

मे महिन्यात नागपुरातच लग्न लागलं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, पंगती बसल्या. बापूजींच्या चेहऱ्यावरची अढी अजून पुरती गेली नव्हती, पण पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. मधुसूदनरावांचा दंड धरून त्यांनी त्यांना नरखेडकरांसमोर उभं केलं.

"हे ते मास्तर. नागपुरात यायले खरं बोलता येत नाई. त्याच्यासाठी आपल्या गावाले या लागते."

सगळे खो-खो हसले. सुमतीबाई तर डोळे पुसू लागल्या. मधुसूदनरावांच्या मनात एक मुद्देसूद उत्तर तयार झालं होतं, पण तेवढ्यात वाढपी बुंदी घेऊन आला आणि त्यांनी मुकाट्याने पान पुढे केलं.