बेचाळीस पावले

मी एक जुनी नोंदवही आहे. मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर लाल कापड आहे, कोपरे उंदरांनी कुरतडले आहेत आणि माझ्या अकराव्या पानावर फक्त चार ओळी आहेत. माझी कहाणी त्या चार ओळींचीच आहे.

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका बाइंडरने १९८० साली मला शिवले. तिथून मी त्याच शहरातल्या एका शेती संशोधन संस्थेत आले. तेथे मातीवर किरणोत्सर्गी पदार्थांचे प्रयोग चालत. प्रयोग संपला की दूषित काचेची भांडी, हातमोजे, माती असे सारे काँक्रीटच्या खड्ड्यात बंद करून पुरत. कुठे काय पुरले आहे, हे सांभाळणे माझे काम. मला कुलपात ठेवत. तपासणीला आलेले पाहुणे माझी पाने उलटून समाधानाने मान डोलवत.

अकराव्या पानाच्या दिवशी मोजपट्टी स्टोअरच्या कुलपात होती आणि स्टोअरकीपर रजेवर. नोंद तर त्याच दिवशी हवी होती. तेव्हा नत्थूजी नावाच्या उंच तंत्रज्ञांनी अंतर पावलांनी मोजले आणि लिहिले : ‘खड्डा क्रमांक तीन. आत सीझियम. पाण्याच्या टाकीपासून सरळ पूर्वेला बेचाळीस पावले. तीनशे वर्षे उघडू नये.’ खाली सही केली. पावले कोणाची, हे लिहायचे राहिले. त्या वेळी नत्थूजींना सगळेच ओळखत होते.

पुढे प्रयोग थांबले, माणसे निवृत्त झाली. नोंदी संगणकात गेल्या. संगणकात रकाना मीटरचा होता, म्हणून माझ्या अकराव्या पानावरच्या पावलांशी उतरवून घेणारा अडला आणि त्याने एवढेच लिहिले, ‘जुनी वही पाहावी’. नंतर मला गठ्ठ्यात बांधून माळ्यावर टाकले. किरणोत्सर्गी सीझियम निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. मला विसरायला एवढी लागली नाहीत.

यंदा खड्ड्यांच्या त्या मोकळ्या जागेवर वसतिगृह ठरले, आणि आधी बोअरवेल. संगणकातली ती ओळ वाचून संस्थेच्या नव्या सुरक्षा अधिकारी मेघा आठ दिवस मला शोधत होत्या. लकडगंजच्या रद्दीवाल्याचा टेम्पो दाराशी उभा असताना मी त्यांच्या हाती लागले.

बोअरचे काम पाहणारा विक्की म्हणाला, “मंग झालं ना मॅडम. बेचाळीस पावलं आत्ता टाकून देतो.” त्याने पावले टाकली, चुन्याचा गोल काढला आणि त्याच्या पाच मीटर पुढे खुंटी ठोकली. “हा तुमचा खड्डा. बोअर आपण दूर घेऊ, इथं. मशीन उद्या येऊन राहिली.”

मेघांनी टेप लावली. गोलापर्यंत सत्तावीस मीटर भरले. किरणे मोजायचे यंत्र जमिनीवर धरले. काटा हलला नाही.

“पाहा, काहीच दाखवून नाही राहिलं. काहून थांबायचं?”

“झाकण जाड आहे, म्हणून दाखवत नाही. आणि ही पावलं तुमची आहेत, विक्की. वहीत सही दुसऱ्याची आहे.”

मला घेऊन त्या नत्थूजींच्या घरी गेल्या. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी पानावरून बोट फिरवले.

“अक्षर माहंच हाय. पण मले चालाले नका लावू, बाई. बेचाळीस पावलांत मी आता गेटपर्यंतबी पोचत नाही.”

“काका, तेव्हाचं पाऊल केवढं होतं? काही आठवतं?”

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, “लॅबच्या व्हरांड्यात फरश्या हायेत ना? हाती सीझियमचा डबा असला की मी दर पावलाले दोन फरश्या टाको. डबा हालाले नाही पाहिजे. तीच सवय लागली.”

“इतवारीतबी तसेच चालत,” आतून त्यांच्या पत्नी पार्वतीबाई म्हणाल्या. “भाजीची पिशवी माह्या हातात, अन् हे गल्लीच्या त्या टोकाले.”

व्हरांड्यातल्या फरश्या तशाच होत्या. एक फरशी अडतीस सेंटिमीटरची. मेघांनी माझ्या पानाच्या कडेला हिशेब केला : दोन फरश्यांचे एक पाऊल, अशी बेचाळीस, म्हणजे जवळजवळ बत्तीस मीटर. टाकीपासून बत्तीसाव्या मीटरवर विक्कीची खुंटी होती.

मशीन येण्याआधीच थांबवले. खुंटीच्या शेजारी हाताने, बेताने माती काढली. मेघा यंत्र घेऊन शेजारी उभ्या होत्या. अडीच फुटांवर काँक्रीटचे झाकण लागले. त्यावर तीन पाकळ्यांचे धोक्याचे चिन्ह आणि तीनचा आकडा होता. विक्कीने वाकून खुंटी उपटली.

माती पुन्हा लोटली. मेघांनी चार ओळींखाली मीटर लिहिले, अक्षांश-रेखांश लिहिले, आत काय आहे आणि ते का उघडू नये हेही लिहिले. त्याच्या प्रती तीन वेगळ्या कार्यालयांत पाठवल्या. साक्षीला सही करायला नत्थूजी ऑटोने आले.

“पावलं माहीच,” ते म्हणाले, “पण आता माह्याबिगर चालतीन.”

मित्रांनो, काही लिहून ठेवाल तेव्हा तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसासाठी लिहा. खड्डा क्रमांक तीनची अजून अडीचशे वर्षे बाकी आहेत. माझा कागद तेवढा टिकणार नाही. तो तुटू लागण्याआधी मला नव्या वहीत उतरवून घ्या, आणि उतरवताना अकराव्या पानाशी थांबू नका.