एवढा मोठा आवाज

पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात आवाज अडवणारे इअरमफ कानांवर घालायचा सगळ्यांनाच कंटाळा. अपवाद एकट्या बँडवाल्याचा. एका रॉक बँडचं खूळ तरुणपणापासून डोक्यात बसलेलं, म्हणून पडलेलं हे नाव. पत्रा ठोकणारी प्रेस सुरू व्हायच्या आधीच तो मफ चढवायचा, ते थेट जेवणाच्या सुट्टीत काढायचा.

"शिका जरा याच्याकडून!" मुकादम नव्या लोकांना सुनवायचा.

शिकण्यासारखं काय होतं, ते बँडवाल्यालाच ठाऊक. मफच्या आत त्याचे इअरफोन असायचे आणि प्रेसच्या दणदणाटावर मात करायला आवाज पार शेवटपर्यंत चढवलेला. बाहेर झाकणं पडायची, आत गिटार वाजायची. दिवस कसा सरायचा कळायचं नाही. कान गेले, तेही कळलं नाही.

"नसा मेल्यात," डॉक्टर म्हणाले. "कानाला मशीन लावा. समोरून बोललेलं कळेल. गाण्याबिण्याचं विसरा."

आणि नेमका त्याच वर्षी बँड त्यांच्या शहरात येणार होता! जन्मभर ज्यांची वाट पाहिली ते येणार, आणि याचे कान असे. पण गडी हट्टाला पेटला.

"अगं, भिंतीएवढे स्पीकर असतात तिथे," तो बायकोला म्हणाला. "एवढ्या मोठ्या आवाजात मेलेला माणूसही उठून बसेल. मला ते एकच गाणं ऐकू येऊ दे. संथ सुरू होतं ना, ते."

"त्या धांगडधिंग्यात संथ काय असतं, तुमचं तुम्हाला माहीत," ती म्हणाली. तरी तिने त्याचा जुना काळा टी-शर्ट इस्त्री करून दिला, पोट आत घ्या म्हणून चिडवलं आणि बरोबर निघाली.

मैदानात दिवे विझले. हजारो तोंडं एकदम उघडलेली त्याला दिसली. कानातलं मशीन पत्रा फाडल्यासारखं किंचाळायला लागलं, म्हणून त्याने ते काढून खिशात टाकलं. मग फक्त छातीत धप, धप. अगदी कारखान्यातल्या प्रेससारखी. गिटार नाही, गळा नाही, काही नाही.

थोड्या वेळाने गायकाने डोळे मिटले. लोकांनी मोबाइलचे दिवे वर धरले. पुढची एक बाई रडत होती. हेच ते! त्याने बायकोचा दंड घट्ट धरला.

"कुठलं चाललंय? तेच ना?"

आपण ओरडतोय हे त्याला समजलं नाही. पुढचे लोक वळून बघायला लागले.

बायकोने कानांत प्राण आणून ऐकलं. त्याच्या कानाशी तोंड नेलं, मग आठवण होऊन समोर आली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "काय सांगू हो? मला सगळी सारखीच वाटतात."

हे मात्र त्याला शब्द न् शब्द कळलं. तो स्टेजकडे वळला. डोळे भरून वाहत होते, छातीतली धपधप चालूच होती, आणि आता त्यालाही सगळी सारखीच होती.