फक्कीने आखलेलं घर

मामाने नकाशा पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "हे घर नाही, वसतिगृह आहे."

नकाशा भाचीने काढला होता. आर्किटेक्ट होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण ऑफिसात तिच्या वाट्याला यायचे ते उंच इमारतींचे जिने आणि न्हाणीघरं. अख्खी वास्तू रचायची ही पहिलीच संधी, आणि तीही सख्ख्या मामाने दिलेली.

मामा शिल्पकार. त्याने आणि त्याच्या दोन जुन्या स्नेह्यांनी, एक गायिका नि एक चित्रकार, मिळून गावाबाहेरची बंद पडलेली डेअरी घेतली होती. लांबलचक गोठा, त्याच्या मधोमध जाड दगडी भिंतींचं वैरणीचं कोठार आणि भोवती मोकळं रान. तिथे तिघांनी राहायचं, काम करायचं आणि नव्या कलावंतांनाही बोलवायचं, असा बेत होता. बेतावर एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

"यांची छिन्नी सुरू झाली की माझा सूर पळून जातो," गायिका म्हणाली. "मला यांच्यापासून लांब टाक."

"उत्तरेचा उजेड मला," चित्रकार म्हणाला. "त्यात वाटेकरी नको."

"आणि मला माझं वेगळं स्वयंपाकघर," मामा म्हणाला. "जेवताना कुणाची तोंडं बघायची नाहीत मला."

मामी गेल्यापासून मामा ओट्यापाशी उभ्या उभ्या, भांड्यातूनच जेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाचीने नकाशाची गुंडाळी केली. "कागदावर तुम्ही नुसते भांडता. रविवारी खुर्च्या घ्या, डबे घ्या आणि जागेवर या. कामाचं सामानसुद्धा."

रविवारी ते पोचले तेव्हा ती नखशिखांत पांढरी झाली होती. गोठ्यात आणि अंगणात तिने चुन्याच्या फक्कीने खरोखरीच्या मापाचं घर आखलं होतं. खोल्या, दारं, ओटा, सगळं.

"आत या. पण दारातून!" चित्रकार रेघ ओलांडू लागला तशी ती ओरडली. "ती भिंत आहे, काका!"

"चुकलो," म्हणत तो मागे फिरला आणि नसलेल्या दारातून अदबीने आत आला. गायिकेला हसू आवरेना.

मग कामं सुरू झाली. मामाने पहिला घाव घातला आणि दगडाची धूळ वाऱ्यावर थेट चित्रकाराच्या ओल्या रंगांवर जाऊन बसली. बोंबाबोंब झाली. भाचीने खराट्याने मामाची खोली पुसली आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, नवी आखली. धूळ थांबली, आवाज नाही. गायिका कानांवर हात ठेवून बसली.

भाची मग या टोकापासून त्या टोकापर्यंत कान देत फिरली. कोठाराच्या आड उभं राहिलं की छिन्नी एकदम मंद ऐकू यायची. तिचे डोळे चमकले.

"कोठार मध्येच आहे ना! ते ठेवू. त्याला दोन्ही बाजूंनी पोकळी सोडून दुसरी भिंत घालू आणि मामाचं दार रानाकडे फिरवू. मावशी, तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही."

"आणि आलं तर?"

"आलं तर माझं नाव बदला."

दुपारी डबे उघडले ते आखलेल्या मोठ्या स्वयंपाकघरात. मामा मात्र ताट घेऊन आपल्या वेगळ्या स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन बसला. इकडे गप्पा रंगल्या. जरा वेळाने तो मीठ मागायला आला. मग पाणी न्यायला. मग लोणचं. तेव्हा गायिकेने त्याच्याकडे न बघताच आपली खुर्ची थोडी सरकवली. मामा घुटमळला आणि बसला. पोटभर जेवला, चित्रकाराच्या वाटचंही थोडं खाल्लं.

हात धुताना तो भाचीला म्हणाला, "माझं स्वयंपाकघर पूस."

"नक्की?"

"पूस म्हटलं ना! हत्यारं ठेवायला जागा होईल."

तिने खराटा उचलला. पुसताना पांढरी धूळ डोळ्यांत गेली, असं तिने स्वतःला सांगितलं.

बांधकामात वर्ष गेलं. गवंडी आणि सुतार यांच्याशी हुज्जत घालून तिचा घसा बसला, पण तिने एकही भिंत हलू दिली नाही. शेवटचं दार बसलं त्या सकाळी मामा आपल्या खोलीत गेला, गायिकेने तंबोरा जुळवला. भाची कोठाराच्या अलीकडे, गायिकेच्या दाराबाहेर उभी राहिली. काळजाचे ठोके तिला स्वतःलाच ऐकू येत होते. दुसरं काहीच येत नव्हतं.

इतक्यात मामा तणतणत आला. "बहिरे झालात का सगळे? केव्हाचा दणादण ठोकतोय! बेंबीच्या देठापासून ओरडलो, एकाने ओ दिली नाही!"

"काय सांगतोस!" भाची किंचाळलीच.

मामाने गायिकेचं दार ढकललं. आतून भरदार आलाप बाहेर लोटला. त्याने दार लावलं, शांत. उघडलं, आलाप. पुन्हा लावलं. लहान मुलासारखा तो खेळतच राहिला.

"दार लावा हो, सूर लागलाय माझा!" आतून आवाज आला.

मामाने दार अलगद ओढून घेतलं आणि भाचीला मिठीत घट्ट आवळलं. त्याच्या अंगावरच्या दगडाच्या धुळीने दोघं पांढरी झाली. मग त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, ऊठ, कपडे भर नि इकडे ये. तुझ्या लेकीने काय उभं केलंय ते डोळ्यांनी बघ. नाही, फोटोत नाही दिसायचं. हे ऐकायला यावं लागतं!"

भाची तोवर दोन्ही हात पसरून, प्रत्येक दार सताड उघडत, त्या लांबच्या लांब घरातून पळत सुटली होती.