लोरियाचं दार

ओफेलियाला जुळे नातू झाले तो २०१३ चा जानेवारी, म्हणजे ब्यूनस आयर्सचा ऐन उन्हाळा. उकाड्यानं जीव हैराण झाला होता आणि घरभर दुपटी वाळत होती. त्याच दिवसांत रेडिओवर बातमी आली, की शहरातल्या सगळ्यात जुन्या भुयारी रेल्वेमार्गावरच्या लाकडी गाड्या येत्या शुक्रवारी शेवटच्या धावणार. मग दोन महिने मार्ग बंद, आणि त्यानंतर नव्या गाड्या.

बातमी ऐकून ओफेलियाच्या भावाचा, आन्सेल्मोचा, चेहरा पडला. अडुसष्ट वर्षांचा हा विधुर बहिणीच्याच घरी राहायचा आणि मायो चौकाजवळच्या दुकानात बटणं विकायचा.

"लोरियाची बाई आठवली वाटतं," ओफेलिया म्हणाली.

"गाड्यांचं वाईट वाटतंय मला. बापाच्या मांडीवर बसून फिरलोय त्यांतून."

"हो तर! गाड्यांचंच."

गोष्ट अशी होती. त्या लाकडी डब्यांची दारं आपोआप बंद व्हायची, पण उघडायची मात्र हातानं. जो जवळ असेल त्यानं पितळी मूठ धरून दार सरकवायचं. एका हिवाळ्यात एक बाई दोन्ही हातांत पुडकी घेऊन दाराशी उभी होती. लोरिया स्टेशन आलं, आन्सेल्मोनं दार उघडलं, ती "आभारी आहे" म्हणून उतरली. दुसऱ्या दिवशी तिचे हात रिकामे होते, तरी ती दाराशी थांबून राहिली, आणि यानंच उठून दार उघडलं. तेव्हापासून दहा-बारा वर्षं हेच चाललं होतं. तोच दुसरा डबा, तेच मधलं दार. तो मायो चौकाच्या स्टेशनात चढायचा, ती पुढच्या साएन्झ पेन्या स्टेशनात. हवा-पाण्याच्या चार गप्पा व्हायच्या, करकरणाऱ्या लाकडाला दोघं मिळून नावं ठेवायचे, लोरिया आलं की तो दार उघडायचा. तिला नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. आधी धीर झाला नाही, आणि मग इतक्या वर्षांनी विचारायची लाज वाटायला लागली.

"दहा वर्षं दार उघडतोयस," ओफेलिया म्हणाली, "तोंड कधी उघडणार? शुक्रवार गेला की ती कुठल्या बसनं जाईल, कुणास ठाऊक. मग बस बटणं मोजत!"

शुक्रवारी आन्सेल्मोनं पांढरा सदरा घातला आणि मनाशी वाक्य घोकलं: "बाई, तुमचं नाव काय?" एवढंच, पण जीभ त्यावरही अडखळत होती.

चौकातल्या फलाटावर पाहतो तर ही जत्रा! कुणी आजोबांची टोपी घालून आलेलं, कुणी ढोल घेऊन. एक म्हातारा डब्याच्या लाकडाचे मुके घेत होता. एक पोरगा स्टुलावर चढून फुलाच्या आकाराचा काचेचा दिवा पिळत होता, त्याच्यावर गार्ड ओरडला, "अरे ए, दिवा घरी न्यायचा नाही! बायकोला फुलंच हवी असतील तर वर बाजारात मिळतात!" सगळे खदखदून हसले.

गर्दीच्या लोंढ्यानं आन्सेल्मोला उचललं आणि मधल्या दारापासून लांब, डब्याच्या टोकाला नेऊन चेपलं. साएन्झ पेन्याला ती चढली. माणसांच्या डोक्यांवरून त्याला तिचे पांढरे केस आणि निळा पंखा तेवढा दिसला. ती नेहमीसारखी मधल्या दाराशी जाऊन उभी राहिली. तो इकडून मान उंचावून पाहत होता, पण मुंगीला शिरायला जागा नव्हती. हाक मारावी, तर कोणत्या नावानं?

लोरिया आलं. बाकीची दारं उघडली, माणसं उतरली. मधल्या दाराशी मात्र सगळी हौशी पोरं मोबाइल उंच धरून उभी होती. त्यांना वाटलं, दार आपोआप उघडेल. आणि ती बाई पंखा मिटून, हाताची घडी घालून, बंद दारासमोर शांत उभी होती. गाडी सुटली.

आन्सेल्मोला राहवलं नाही. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "अहो लोरियाच्या बाई! लोरिया गेलं!"

"माहीत आहे मला!" तिकडून आवाज आला. "पण तुम्ही होतात कुठे?"

डब्यात हशा पिकला. "मूठ ओढायची होती ना," आन्सेल्मो म्हणाला.

"मी कशाला ओढू? ते काम माझं आहे का?"

"बाईंचं बरोबर आहे!" ढोलवाला म्हणाला. "आजोबा, तुमची चूक आहे. व्हा पुढे! ए, सरका रे, दारवाल्याला वाट द्या!"

मग काय विचारता! कुणी पाठीला हात लावला, कुणी कोपराला धरलं, एका जाड्या बाईनं तर त्याला कमरेला धरून पुढच्या माणसाच्या हवाली केलं. ढोल वाजायला लागला. स्टेशनामागून स्टेशन गेलं. मधल्या दाराला कुणी हात लावला की सगळे ओरडायचे, "ते दार नाही! दुसरं बघ!" शेवटचं स्टेशन, काराबोबो, आलं तेव्हा कुठे तो घामाघूम होऊन तिच्यासमोर पोचला. सदऱ्याचं वरचं बटण तुटून पडलं होतं.

त्यानं मूठ धरून दार सरकवलं. डब्यानं टाळ्या वाजवल्या.

"आभारी आहे," ती म्हणाली आणि उतरली. तोही उतरला.

"बाई, हाक मारायला आज नाव नव्हतं हो माझ्याकडे."

"लेओपोल्दीना. आणि लेओ, पोल्दी असलं काही चालायचं नाही, सगळं म्हणायचं."

"मी आन्सेल्मो."

"बटण तुटलंय तुमचं, आन्सेल्मो."

"बटणांचंच दुकान आहे."

"मग गप्प बसा, आणि मला आइस्क्रीम खायला घाला. सहा स्टेशनं उपाशी आणलंत मला."

वर रस्त्यावर ऊन कलत होतं. दोघांनी आटीव दुधाचं आइस्क्रीम खाल्लं, आणि पुढचे दोन महिने एकाच बसनं ये-जा केली. मार्च महिन्यात नव्या गाड्या आल्या. पहिल्याच दिवशी आन्सेल्मोनं लोरियाला हात पुढे केला, दार आपलं आपण सरकलं आणि हात हवेतच राहिला. लेओपोल्दीना फलाटावर पोट धरधरून हसली.

त्यांनी लग्न केलं नाही. ओफेलियानं खूप मागे लागून पाहिलं, पण लेओपोल्दीनाला आपलं घर सोडायचं नव्हतं. रविवारी मात्र जेवायला ती ओफेलियाकडेच असायची, आणि जुळे तिला आजी म्हणायचे.

लेओपोल्दीना २०१९ च्या जूनमध्ये वारली. आन्सेल्मो २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. ओफेलिया आहे.