पट्टी बांधलेल्या मुलाची आई

आमच्या गावाबाहेरच्या सैनिकी दफनभूमीची राखण मी करतो. गवत कापायचं, दगडांवरचं शेवाळ ब्रशने घासून काढायचं, कुणी नातेवाईक आले तर रजिस्टर उघडून रांग आणि नंबर सांगायचा. दोनशे चौदा दगड आहेत. शेजारची लांबलचक कौलारू इमारत म्हणजे युद्धाच्या वेळचं इस्पितळ. आता तिथे बियाण्यांचं गोदाम आहे. चाळीस वर्षांपूर्वी माझी आई त्या इस्पितळात धुणं धुवायला होती. आता तिची सत्तरी उलटली, कानांनी दगा दिला, तरी गेल्या वर्षापर्यंत उन्हं उतरली की काठी टेकत यायची आणि बाकावर बसून माझ्या कामातल्या चुका काढायची. घरच्या अंगणात तण माजलंय आणि इथे मात्र गालिचा अंथरलाय, हे तिचं ठरलेलं पालुपद.

गेल्या वर्षी एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, सोबत चाळिशीतली मुलगी. नवरा होता तोवर त्याने येऊ दिलं नव्हतं. दगड बघून काय मिळणार, म्हणायचा. तो गेला आणि या निघाल्या. मी त्यांना चौथ्या रांगेत नेलं. मुलाचं नाव त्यांनी बोटाने चाचपून वाचलं. मग पिशवीतून एक कागद काढून मला दाखवला. घड्यांवर पार विरलेला. सरकारी पत्र होतं ते : आपला मुलगा लढता लढता जागच्या जागी गेला, त्याला यातना झाल्या नाहीत.

"एवढं एक देवाने बरं केलं," आजी म्हणाल्या.

तेवढ्यात आई बाकावरून उठून आली. पत्राचं तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिने दगड पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "हा होय? डोळ्यांवर पट्टी होती तो. खिडकीजवळची खाट. अकरा दिवस झुंजला हो पोरगा."

मी तिचा दंड दाबला, पण बोलून झालं होतं. मी सारवासारव केली. म्हटलं, हिचं वय झालंय, चारशे जखमी होते, कुणाचं तरी कुणाला लावतेय. आजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या आईच्या कानाजवळ गेल्या आणि त्याच्या हनुवटीवर काही होतं का, असं विचारलं.

आई आता घाबरली होती. पण खोटं तिला कधी जमलं नाही. "व्रण होता," ती म्हणाली. "डाव्या बाजूला."

आजी कबरीच्या कडेला खाली बसल्या. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानेच बाजूला सारली. बसने दीड दिवसाची वाट, त्या म्हणाल्या, कळलं असतं तर मी चालत आले असते. मग आईला म्हणाल्या, सगळं सांगा.

आईने सांगितलं. इस्पितळात कारकून एकच होता आणि तो सगळ्यांच्या घरी तेच पत्र लिहायचा. तारायंत्राच्या तारा तुटलेल्या, त्यामुळे घरी कळवायची सोय नव्हती. मुलाला ताप चढलेला असायचा. एकदा चादर बदलताना तिच्या बाहीला त्याचा हात लागला, ती त्याने घट्ट धरली आणि आई म्हणून हाक मारली.

"मग?"

"मी ओ दिली," आई म्हणाली. "रोज द्यायचे. धुणं तसंच टाकून जायचे. शेवटच्या दिवशी म्हणाला, रागावली नाहीस ना? मी म्हटलं, नाही रे बाळा."

आजींनी कबरीवरचं गवत हाताने सारखं केलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी रागावले होते."

घरात न विचारता तो सैन्यात भरती झाला होता. त्याची तीन पत्रं आली, यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. शेवटी लिहिलं, पाकीट चिकटवलं, आणि फळीवर ठेवून दिलं. बघू दे चार दिवस वाट, असं म्हणून. हे त्यांनी एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगीही पहिल्यांदाच ऐकत होती.

मी गोदामाची किल्ली मागून आणली. खिडकीखाली आता पोत्यांची थप्पी आहे. आजी तिथे भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. निघताना त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही होतात म्हणून तो एकटा गेला नाही," त्या म्हणाल्या. "पण ते 'नाही रे बाळा' माझं होतं हो. ते मी म्हणायला हवं होतं."

त्या दिवसापासून आई दफनभूमीत आली नाही. मी कितीदा म्हटलं, तू मुद्दाम थोडंच केलंस. ती म्हणायची, चाळीस वर्षं ती बाई निदान झोपत तरी होती.

यंदा मुलगी एकटीच आली. आजी थंडीत गेल्या. घरी परतल्यावर त्यांनी ते सरकारी पत्र चुलीत घातलं होतं आणि मुलाचा विषय पुन्हा काढला नव्हता. मुलीने दगडापाशी थोडा वेळ घालवला आणि माझ्या आईला भेटायचं म्हणाली. मी तिला घरी नेलं. आई भाजी निवडत होती. मुलीला पाहून तिचे हात थांबले. आता काय ऐकावं लागतंय, असं तिला वाटलं असणार.

भाऊ गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. त्याचा चेहरा तिला फोटोतून माहीत, आवाज मुळीच आठवत नाही. तिने आईच्या कानाशी वाकून विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला होता का?"

आईने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बोलला ना. विचारत होता, अजून बोबडं बोलते का."

चव्वेचाळीस वर्षांची ती बाई, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. आई ओल्या हातांनी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. त्याने हे खरंच विचारलं होतं, की आईने त्या 'नाही रे बाळा'नंतर पहिल्यांदा खोटं बोलून पाहिलं, ते मी तिला विचारलेलं नाही.

शेवटची बस पाचला होती. मी तिला थांब्यापर्यंत सोडून आलो. आई तोवर तशीच बसून होती, भाजी अर्धी निवडलेली.